दारापाशी तुटणारी फिल्म

थिएटर बंद व्हायच्या दिवशी दुपारच्या खेळाची रिळं तपासायला मी नेहमीसारखीच गेले. तीस वर्षं तेच काम केलं. हाताने चाक फिरवायचं, फिल्मच्या कडेला बोट लावून फाटलेलं शोधायचं आणि जोडायचं. पेन्सिल केसांच्या गाठीत खोचलेली. आमचे हे तिथेच ऑपरेटर. "घरी येतानासुद्धा डोक्यात पेन्सिल," म्हणून कायम चिडवायचे. गेल्या वर्षी ते वारले.

शेवटचा खेळ एका जुन्या भयपटाचा होता. त्याची प्रत अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडेच आली आणि तेव्हापासून तो वर्षातून एकदा लागायचा. शेवटी एक दार हळूहळू उघडतं, आत कोण आहे ते दिसत नाही आणि सिनेमा संपतो. लोक पायऱ्यांवर तासभर वाद घालायचे. आम्ही दोघं तर जेवताना भांडायचो. फार सुखाचे दिवस होते ते.

"अहो, सांगा ना, आत कोण आहे?"

"तुला कशाला नसत्या चौकशा?"

ते शेवटचं रीळ मात्र हे मला तपासू देत नसत. दर वर्षी ते दारापाशीच तुटायचं. हे एक तुकडा कापून रीळ जोडायचे आणि तुकडा पत्र्याच्या डबीत ठेवायचे. मी म्हणायचे, "असंच चाललं तर दार उघडायच्या आत सिनेमा संपेल." यावर हे कधी हसले नाहीत.

त्या दुपारी ते रीळ पहिल्यांदा माझ्या हाती आलं. दारापाशी पोचल्यावर भिंग लावलं. उघड्या दारासमोर एक बाई पाठमोरी उभी होती. केसांच्या गाठीत पेन्सिल...

डबी उघडली. आत अकरा तुकडे. प्रत्येकात मीच, दर वर्षी दाराच्या एक पाऊल जवळ. फिल्म कधी तुटलीच नव्हती. हे मला कापून मागे ओढत होते.

आता रिळात माझं पाऊल उंबऱ्यावर होतं. आतून एक हात पुढे आला होता. अंगठ्यावर भाजल्याचा डाग. मशीनच्या दिव्याने यांना भाजलं तेव्हा मलम मीच लावलं होतं.

कापलं तर वाचेन, एवढं कळत होतं. ब्लेड उचललंही. पण अख्खं वर्ष रिकाम्या घरात एकटीने काढलं होतं हो.

"येऊ का...?" मी हळूच विचारलं. ब्लेड खाली ठेवलं आणि रीळ तसंच मशीनवर पाठवलं.

खेळ संपला. मी खुर्चीत होते तशीच होते. रीळ परत आलं तेव्हा दारापाशी बोटाला नवा सांधा लागला. चिकटवलेलं अजून ओलं होतं.

नव्या ऑपरेटरला विचारलं, "तुटली होती का रे?"

"नाही हो मावशी, कुठेच नाही."

डबीत बारा तुकडे होते. बाराव्यात मी. मला हसू आलं आणि रडूही. अजून नको, असंच सांगत होते ते.

मग रिळावर भिंग धरलं. दारात आता फक्त त्यांचा हात उरला होता. मुठीत पेन्सिल होती.

मी मानेमागे हात नेला. माझे केस पाठीवर मोकळे पडले होते.