उलट्या बाजूचा शिक्का

“नाही! एकही नाही!” टिटवी एवढ्या मोठ्याने ओरडली, की वाचनालयातल्या दोन आजोबांनी एकदमच वर्तमानपत्रं खाली केली.

सुट्टीचा बेत पक्का होता. टिटवीने तिच्या लाडक्या मांगा मालिकेचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, शेवटचा भाग घ्यायचा आणि तिघांनी मागच्या पायऱ्यांवर बसून तो वाचायचा. जरा काही खुट्ट झालं की कलकलाट करते, म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. तिचा मामेभाऊ ढोल्या सोबत होता. शेजारची मैत्रीणही होती. ती साध्या ‘हो’वरसुद्धा वाद घालायची, म्हणून तिचं नाव वकील!

पण मांगाचा कप्पा रिकामा होता!

“कुणीतरी वाचायला नेली असतील,” ढोल्या म्हणाला.

“सगळीच्या सगळी? कप्प्यात दुसऱ्या मालिकाही होत्या!” टिटवी म्हणाली. मागच्या भागात नाओचा दोर तुटला होता. नाओ म्हणजे त्या मालिकेतली, कमरेला दोर बांधून समुद्रात बुडी मारून शिंपले काढणारी मुलगी. तेव्हापासून टिटवीला जेवतानासुद्धा काळंभोर पाणी दिसत होतं.

ग्रंथपालबाईंच्या खुर्चीत नवे सहायक बसले होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, “खराब पुस्तकं काढून टाकलीत. सुट्टी आहे ना? मग खेळा जा बाहेर!”

“खराब?” वकील कुजबुजली. “इथे बिनपुठ्ठ्याचे शब्दकोश तसेच आहेत आणि चांगली पुस्तकं खराब? मला हे पटत नाही!”

“तुला काहीच पटत नाही!” ढोल्या म्हणाला.

“श्शू! ऐका!” टिटवीने दोघांना गप्प केलं. मागच्या अंगणात टेम्पो घरघरत होता.

तिघं धावत मागे गेले. रद्दीवाला पोती टेम्पोत चढवत होता. एका पोत्याच्या फाटक्या कोपऱ्यातून निळं मुखपृष्ठ डोकावत होतं. नाओ!

“काका, ही पोती कुठे नेताय?” टिटवीचा आवाज चिरकला.

“कागद कारखान्यात. लगदा होणार त्यांचा. बाजूला व्हा पोरांनो, मला उशीर होतोय.”

लगदा! वकील म्हणाली, “बाई वरच्या मजल्यावर बैठकीत आहेत. मी त्यांना आणते! तोवर टेम्पो हलू देऊ नका!” आणि ती जिन्याकडे पळाली.

ढोल्या टेम्पोत चढला आणि चक्क पोत्यावर फतकल मारून बसला. “आई गं! पायाला मुंग्या आल्या! हलताच येत नाही!”

“अरे, आत्ता तर माकडासारखा चढलास!” रद्दीवाला वैतागला.

“म्हणूनच आल्या असतील!”

गडबड ऐकून सहायक बाहेर आले. “काय तमाशा आहे हा? उतर खाली!”

आता बोलायला टिटवीच उरली होती. ती पुटपुटली, “काका, ही... ही वाचनालयाची पुस्तकं आहेत.”

“वाचनालयाची असती तर पहिल्या पानावर शिक्का असता! मी स्वतः तपासलंय. शिवाय छपाईसुद्धा उलटी. सुरुवातीलाच शेवट! कुणीतरी फुकटात आणून टाकलेला माल आहे.”

सुरुवातीलाच शेवट? टिटवीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! तिने पोत्यातून एक भाग ओढला. मग पुस्तक पालथं करून दुसरीकडून उघडलं.

“मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, काका! आपल्या पुस्तकाचं शेवटचं पान असतं ना, तिथे यांचं पहिलं पान असतं. हे बघा!”

पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का होता.

सहायकांनी दुसरं पुस्तक उघडलं. मग तिसरं. त्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात वकीलच्या मागोमाग बाई धापा टाकत आल्या. शिक्के पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, ही पुस्तकं आता छापतही नाहीत! गेली असती तर पुन्हा मिळाली नसती.”

“चुकलंच माझं,” सहायक ओशाळून म्हणाले. “कुणाला तरी विचारायला हवं होतं.”

रद्दीवाल्याने हसत पोती उतरवली. ढोल्याच्या मुंग्याही झटक्यात गेल्या!

“शाबास रे पोरांनो!” बाई म्हणाल्या. “पण टिटवी, एवढा जीव का गं या मालिकेवर?”

टिटवी जरा घुटमळली. “नव्या शाळेत मी कुणाशीच बोलत नव्हते. नाओची बहीण समुद्रातच गेली, म्हणून तिला प्रत्येक बुडीला भीती वाटते. तरी ती जाते. मी वर्गात पहिल्यांदा उत्तर द्यायला उभी राहिले ना, तेव्हा पाय लटपटत होते. पण मनात तीच होती. ती बुडाली तर... मला नाही सहन व्हायचं.”

बाईंनी पोत्यातून शेवटचा भाग शोधला, पदराने पुसला आणि तिच्या हातात दिला.

तिघं पायऱ्यांवर बसले. टिटवीने मधे बसून पुस्तक उघडलं. तुटलेला दोर. मग काळं पाणी. पुढच्या पानावरही काळं पाणीच. एक शब्द नाही. तिचा हात थांबला.

“उलट ना!” ढोल्या म्हणाला.

“भीती वाटते.”

“आम्हालाही वाटतेय!” वकील तिला अगदी खेटून बसली. पहिल्यांदाच तिने वाद घातला नव्हता.

टिटवीने श्वास रोखला आणि पान उलटलं.