उलट्या पावलांचा धडा

ही गोष्ट मी तिखटमीठ लावून सांगत नाहीये. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलीय, आणि तिचा अर्धा भाग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

रात्र नव्हती. भर दुपारचं लख्ख ऊन होतं. जागा, एका गोदामाचं मोठं सपाट छप्पर.

मामा छपरांवर काम करणाऱ्यांना सुरक्षेचं ट्रेनिंग द्यायचा. उभं आयुष्य छपरांवर गेलेलं, आवाज खणखणीत. त्या दिवशी शिकणाऱ्यांत त्याचा जावईही होता. ताईचा, म्हणजे माझ्या मामेबहिणीचा नवरा. ताईचे दिवस भरत आले होते. "बाबा, त्यांना नीट शिकवा हं," असं ती सकाळीच बजावून गेली होती.

धडा होता उलटं चालण्याचा.

पाणी गळू नये म्हणून छपरावर डांबरी कापडाचा जाड रोल अंथरतात. अंथरणारा वाकून, रोल ओढत मागे मागे जातो. त्याला मागचं काही दिसत नाही. म्हणून जोडीदार समोर उभा राहून "ये... ये..." म्हणत राहतो.

"नियम एकच," मामा म्हणाला. "आवाज थांबला की पाय थांबला. 'थांब' ऐकायची वाट बघायची नाही. चला जावईबापू, पुढं व्हा. घरी लाड, इथं नाही!"

सगळे खो खो हसले. जावईही लाजून हसला.

ते छपराच्या मधोमध होते. कडा लांब, म्हणून कमरेला दोरी बांधलेली नव्हती. कडेला धोक्याची लाल पट्टी लावायचा धडा त्यानंतरचा होता.

"ये... ये... ये..."

जावई वाकून मागे निघाला. थोडा गेल्यावर मामा मुद्दाम गप्प झाला.

जावई थांबला नाही...

विसरला वाटतं, असं म्हणून मामा ओरडला, "थांब!"

जावई चालतच राहिला. मान खाली, एकेक पाऊल बेतानं, अगदी शिकवल्यासारखं.

आणि मग मामाच्या लक्षात आलं...

छपरावरच्या पंख्यांची घरघर बंद होती. खालच्या गाड्यांचा आवाज नव्हता. तो जिवाच्या आकांतानं ओरडत होता, घसा सोलून निघत होता, पण त्याचं ओरडणं त्यालाच ऐकू येत नव्हतं.

तो धावला. बाकीचे गालातल्या गालात हसत उभेच. कापडाच्या कडेत पाय अडकून मामा तोंडावर आपटला. मान वर केली, तेव्हा समोर छपराच्या कडेशी नुसता रोल होता.

मग पंखे पुन्हा घरघरायला लागले.

चौकशीत सगळ्यांनी एकच सांगितलं. "सर तर शेवटपर्यंत 'ये, ये'च म्हणत होते. आम्हाला वाटलं, शिकवायची पद्धत असेल."

ताईनं बापाला एकदाच विचारलं, "बाबा, खरं सांगा. काय म्हणालात?"

"थांबच म्हणालो गं, पोरी."

तिनं तोंड फिरवलं. तिनं माहेरी येणंच बंद केलं.

मामानं त्यानंतर बोलणंच सोडलं. शेवटचं तो माझ्याशी बोलला, तेही कुजबुजत. "तोंडातून काय बाहेर पडेल, भरवसा नाही रे."

बाळ झालं. माझ्या आईनं खूप विनवण्या केल्यावर ताई एकदाची आली. मी तिथंच होतो. मामाचं घर वरच्या मजल्यावर, दाराला लागूनच उभा जिना. ती बाळाला घेऊन दारातच उभी राहिली. आत येईना.

मामा खुर्चीतून उठला.

"ये..."

मामाचाच आवाज. खणखणीत. पण तो ताईच्या मागून आला... जिन्यातून.

"ये... ये..."

ताईचं एक पाऊल मागे पडलं. मग दुसरं.

तिची नजर बापावर होती. मामानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं. डोळ्यांतून धारा वाहत होत्या. आवाज मात्र येतच होता.

मी झेप घेऊन तिचा दंड धरला आणि दोघांना आत ओढलं. "बाबा, तुम्ही नव्हतात... तुम्ही नव्हतात..." म्हणत ती त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मामानं तिला थोपटलं, पण तोंडावरचा एक हात काही काढला नाही.

आता आम्ही सगळे तळमजल्यावर एकत्र राहतो. समोर वाहता रस्ता आहे. बाळाला आता पाय फुटलेत, घरभर पळतं. मामा अजून बोलत नाही. आज दुपारी मी दुकानात गेलो, तर दुकानदारीण हसून म्हणाली, "आजोबा बोलायला लागले वाटतं? सकाळी रस्त्यापलीकडून नातवाला हाका मारत होते. किती मायेनं!"

मामा सकाळपासून घरातच होता. माझ्या शेजारी.