डावा स्फटिक

पुष्करनं आणलेल्या पत्रकावर छापलं होतं: सकाळी स्फटिक खणा, दुपारी नवाबी हम्मामात अंग सैल सोडा. आबिड्सच्या इराण्याकडे चहा पिताना उदयनं ते दोनदा वाचलं आणि त्याला हसू आलं. तो वीस वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होता. शहाणीसुरती माणसं सुटीच्या दिवशी हौसेनं गारगोट्या उकरायला जातील, हे शहाण्णव साल उजाडेपर्यंत त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण आताशा सगळंच नवीन निघालं होतं. उदयच्या शेजारी राहणारा पुष्कर पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आला आणि सहा महिन्यांत त्यानं गाडी घेतली. त्याच सहा महिन्यांत विक्रमची फॅक्टरी बंद पडली.

विक्रम म्हणजे उदयचा जामबागच्या शाळेपासूनचा मित्र. हातात कसब आणि जिभेला हाड नाही, असा फिटर. आता तो अंबरपेठच्या घरात कॉटवर पडून दिवसभर पंख्याकडे बघत असे. दुपारी त्याची सहा वर्षांची राणी त्याच्या छातीवर डावीकडे, खिडकीच्या बाजूला, कान टेकून झोपायची. "बाबांची ठकठक ऐकते," म्हणायची. घरात तेवढाच काय तो आवाज. विक्रमची बायको माधवी एकदा उदयला फाटकापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, हे असेच राहिले तर मी काय करू हो?"

सोमवारी विक्रमला एका नव्या कंपनीत मुलाखत होती. तिथं त्यानं माणसासारखं उठून जावं, एवढंच उदयला हवं होतं. म्हणून त्यानं रविवारच्या सहलीला लगेच हो म्हटलं, आणि शनिवारी संध्याकाळी एक लबाडीही केली. कॉलेजच्या कपाटातला एक सुबक, टोकापाशी जरासा कपचा उडालेला स्फटिक रुमालात बांधून घेतला. मातीत सगळ्यांनाच काही सापडतं असं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि विक्रमनं आणखी एका ठिकाणाहून रिकाम्या हातानं परत यावं, हे त्याला बघवलं नसतं.

ती जागा विकाराबादच्या वाटेवर होती. लाल माती, सीताफळीची झुडपं, आणि मध्ये कुण्या जहागीरदाराचा दगडी हम्माम, नवा चुना फासलेला. राखणीला मस्तानचाचा होते. त्यांनी कुदळी दिल्या आणि आधीच बजावलं, "जिसकू पत्थर मिला उनेच हौज में उतरना. नै मिला तो नको."

"कायकू चाचा?" उदयनं विचारलं. त्याला खरंच उत्सुकता वाटली.

"नै मालूम साब. हमारे बावा बोलते थे."

उत्तर प्रामाणिक होतं, म्हणून उदयला आवडलं.

पुष्करला अर्ध्या तासात अंगठ्याएवढा स्फटिक मिळाला. त्यानं असा आरडाओरडा केला की झाडावरचे साळुंक्यांचे थवे उडाले. उदयला एक धुरकट तुकडा मिळाला. अकरा वाजले तरी विक्रमच्या खड्ड्यात मातीशिवाय काही नव्हतं.

"जाऊ दे रे," तो कपाळ पुसत म्हणाला. "फॅक्टरीनं नाही ठेवलं, खड्डा काय ठेवतोय? तुम्ही करा आंघोळ. मी बाहेर बसतो."

तो पाणी प्यायला वळला तेवढ्यात उदयनं रुमाल सोडला.

पाच मिनिटांत विक्रम ओरडला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तो असा हसला. स्फटिक त्यानं पँटला पुसला, उन्हात धरला. उदयला भरून आलं. ते लपवायला तो मास्तरकी करू लागला. "बघ, हे टोकाखालचं बारीक तिरपं अंग डावीकडे आहे. म्हणजे हा डावा. स्फटिक डावे असतात नाहीतर उजवे, चपलेच्या जोडासारखे. कसाही फिरव, डाव्याचा उजवा होत नाही."

"हौला रे तू, येडा कुठला," विक्रम म्हणाला. "दगडाला पण डावा-उजवा!"

मस्तानचाचांनी स्फटिक हातात घेतला आणि जिभेच्या टोकाला लावला. मग उदयला बाजूला नेलं. "ये इधर का पत्थर नै, साब."

"चाचा, उनका दिल रखो."

चाचांनी स्फटिक परत दिला. "मैं मना किया. याद रखो."

हम्मामात घुमटाच्या झरोक्यांतून उन्हाचे कवडसे पडले होते. ओल्या दगडाचा आणि लाकडाच्या धुराचा वास येत होता. पाणी अंगाला पोळेल-न पोळेल असं. तिघं उतरून गळ्यापर्यंत पाण्यात बसले. पुष्कर डोळे मिटून गुणगुणायला लागला. विक्रमनं स्फटिक मुठीत धरला होता.

"बघ आता," म्हणून त्यानं बुडी मारली.

शाळेत असताना तो मूसीच्या काठच्या बावडीत अशाच बुड्या मारायचा. उदय मनातल्या मनात आकडे मोजू लागला. तीस. चाळीस.

पाणी हललं नाही. बुडबुडा आला नाही.

साठ.

पुष्करचं गुणगुणणं थांबलं.

उदयनं पाण्यात हात घातले. हौज छातीएवढाच खोल. त्यानं तळ चाचपला, कोपरे चाचपले. कुणी नव्हतं.

मग पलीकडच्या टोकाला विक्रम उभा राहिला, मोठ्यानं हसत.

"दगड गेला रे हातातून," तो म्हणाला.

तळाशी तो कुणालाच सापडला नाही. परतताना विक्रम गाडीत सारखा बोलत होता. त्यानं भांग दुसऱ्या बाजूला पाडला होता. घड्याळ उजव्या मनगटावर बांधलं होतं. उघड्या खिडकीवर टेकलेल्या उजव्या दंडावर देवीच्या लसीचे दोन वण दिसत होते. ते कुठल्या दंडावर असायचे, हे उदयला आठवेना. इतक्या वर्षांच्या मित्राचं हे आपल्याला आठवू नये, याची त्याला लाजच वाटली.

सोमवारी त्यानं कॉलेजचं कपाट उघडलं. किल्ली एकच होती, ती त्याच्या खिशात. स्फटिक गेला, तेव्हा त्याच्या रिकाम्या खोक्यातली चिठ्ठी त्याला काढून टाकायची होती.

खोक्यात स्फटिक होता. टोकापाशी उडालेला तोच कपचा. त्यानं तो खिडकीशी नेला.

तिरपं अंग उजवीकडे होतं.

चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: डावा.

दुपारी ऑफिसात फोन आला. माधवी शेजाऱ्यांकडून बोलत होती. विक्रमला नोकरी मिळाली होती. काल तो पोटभर जेवला, राणीला खांद्यावर घेऊन नाचला. "भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू?" ती रडत होती आणि हसतही होती. एवढ्यात राणीनं फोन ओढून घेतला.

"उदयकाका, बाबांची ठकठक पहिले खिडकीकडे वाजायची. आता भिंतीकडे वाजते."

"अगं, बाबा उलट्या बाजूला डोकं करून झोपले असतील."

"नाही, उशी तिथंच आहे," राणी म्हणाली. "म्हणून मी पण आता भिंतीकडेच झोपते."