सात नंबरची जादा पाळी

ही घटना खरी आहे. पटणार नसेल तर इथेच थांबा. मला वाद घालायचा नाही, डोकं आधीच तापलंय.

भिवंडी. धामणकर नाक्यामागची गल्ली. मार्चमधला शुक्रवार, दुपारचे दोन.

मी विनिता, राहणार अंजूर. प्रितम शेठच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात अकरा वर्षं हिशेब लिहीत होते. सहा दिवस असा खडखडाट की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. शुक्रवारी सुट्टी. तेव्हा स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

सात आठवड्यांपूर्वी अशाच एका शुक्रवारी शेठने हिरामणदादाला जादा पाळीला बोलावलं होतं. ऑर्डर अडली होती ना! दादा माझ्याच गावचा. जादा पाळीची नोंद झाल्याशिवाय लूमला हात लावायचा नाही. टेबलाशी येऊन विचारायचा, "लिवलंस ना गो?"

त्या दिवशी मीही कामावर होते. तेव्हाही विचारलं. मी लिहिलं होतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी सात नंबरच्या लूमवर त्याला शॉक बसला. जागच्या जागी गेला.

आणि शेठने काय सांगितलं माहितीये? "सुट्टी होती. तांब्याची तार चोरायला घुसला असेल." कामावर मेला म्हटलं असतं तर भरपाई द्यावी लागली असती!

मग मला म्हणाला, "मॅडम, ती एक नोंद उडवून टाका."

मी उडवली.

हो, मीच. मुलीची फी भरायची होती, नोकरी जाईल म्हणून घाबरले. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दादाची बायको क्षितिजा रोज फाटकाशी येऊन उभी राहायची. "ताई, माझा नवरा चोर न्हाय गो. तुला तरी म्हाईत हाय ना?"

मी मान खाली घालून आत जायचे.

अशात शेठने नवं खूळ आणलं. एआय एजंट. आपण मराठीत विचारायचं, तो हिशेबाच्या जर्नलमधल्या नोंदी शोधून समोर ठेवतो. "फक्त वाचतो हां. लिहायची परमिशनच नाही त्याला," शेठ कौतुकाने सांगत होता.

सोमवारी कामगार कचेरीत सुनावणी होती. दादा गेला त्या दिवशी कोणीच कामावर नव्हतं, हे दाखवायला शेठला यादी हवी होती. म्हणून मार्चमधल्या त्या शुक्रवारी, सुट्टी असूनही, मला बोलावलं. शेठ माझ्या मागे उभा होता.

मी टाइप केलं... 'त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी दाखव.'

एकच नोंद आली.

'जादा पाळी. लूम नंबर सात. हिरामण.'

"उडवली म्हणालात ना!" शेठ खेकसला.

मी मूळ हिशेब उघडून पाहिला. नोंद नव्हती. नोंद क्रमांक 411 नंतर थेट 413.

परत विचारलं...

आता आठ नोंदी आल्या.

पहिली तीच. बाकीच्या सात, तो गेल्यानंतरच्या प्रत्येक शुक्रवारच्या. सगळीकडे लूम सात, हिरामण. नोंद करणाऱ्याच्या जागी माझं नाव.

शेवटची आजची होती. तिच्या तपशिलात एवढंच लिहिलेलं...

'लिवलंस ना गो?'

तेवढ्यात भिंतीपलीकडे लूम सुरू झाला.

एकच लूम.

खट्... खट्... खट्...

कारखान्याचा मेन स्विच बंद होता. सकाळी मीच तपासला होता. मी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

शेठ गाडीची चावी उचलून पळाला. भित्रा मेला!

मी गेले. धीट म्हणून नाही, संतापाने गेले. दार ढकललं आणि आवाज बंद झाला. सगळे लूम थंड. सात नंबरच्या मोटारीला हात लावला...

चटका बसला.

अपघातानंतर शेठने त्या लूमवरचं सूत, कापड, सगळं उतरवलं होतं. त्यावर आता वीतभर नवं कापड होतं.

सोमवारी कचेरीत साहेबांसमोर एजंटने एकही नोंद दाखवली नाही. शेठ गालातल्या गालात हसत होता. क्षितिजा कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उभी राहिले. "साहेब, नोंद होती. शेठने सांगितलं आणि मी उडवली."

नोकरी त्याच दिवशी गेली. पुढे निकाल क्षितिजाच्या बाजूने लागला. तिला भरपाई मिळाली. दादाला आता कोणी चोर म्हणत नाही.

मला वाटलं, सुटला बिचारा.

गेल्या शुक्रवारी मृणालीचा फोन आला. माझ्या जागी लागलेली मुलगी. बोलताना रडत होती. "मॅडम, एजंट एक नोंद दाखवतोय... मूळ हिशेबात नाहीये ती."

"वाच."

"जादा पाळी. लूम नंबर सात... विनिता."

आज परत शुक्रवार आहे. मी अंजूरला, घरी बसून हे लिहितेय. दोन वाजून गेलेत. सकाळपासून माझ्या हातांना लूमच्या तेलाचा वास येतोय. तीनदा साबण लावून धुतले. जात नाही.

दादा, माझं नाव लिहिलंस, ठीक आहे. उडवणारी मीच होते. पण उडवायला सांगणारा मानकोलीला नवीन गोदाम बांधतोय रे! रात्री घोरत झोपतो!

त्याला का नाही बोलावलंस पाळीला?