हॅकेटचा मग

इरेनाने चाळीस दिवसांचा उपास धरला होता. ईस्टरपर्यंत गोडाला शिवायचं नाही, आणि रोज एक तरी काम असं करायचं, जे कुणी सांगितलेलं नसेल. तरी त्या शनिवारी सकाळी तिने नवऱ्याच्या तुकडीसाठी सफरचंदाचा केक भाजला आणि चवही न घेता तो विमानतळावर नेला.

नौदलाच्या वैमानिकांची ही राखीव तुकडी महिन्यातून एकदा, शनिवार-रविवार जमायची. एरवी कुणी लोकांचे दात काढायचा, कुणी शाळेत भूमिती शिकवायचा. तिच्या नवऱ्याचा, कॅझचा, छापखाना होता. यंदा तुकडीला दहा वर्षं झाली होती. तिचा इतिहास छापायचा होता आणि टंकलेखन इरेनाकडे आलं होतं. वैमानिकांच्या खोलीत बसून ती टाईप करत होती : ‘कोरिया, १९५१. लेफ्टनंट डेल हॅकेट यांचं विमान शत्रूच्या तोफेने पाडलं.’

बाहेर चार विमानं गर्जत उडाली. सर्वांत पुढे कॅझ. काचा थरथरल्या, आणि भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले कॉफीचे मग एकमेकांवर आपटले. इरेनाने एकात डोकावून पाहिलं. आत काळा थर! बाई गं, माणसं आहेत की कोण! तिने बाह्या सरसावल्या आणि सोडा घेऊन सगळे घासून काढले. सातव्या खुंटीवरचा काही केल्या निघेना. नखाने खरवडला, तेव्हा मोरीतलं पाणी लालभडक झालं, खाटकाच्या फरशीवरच्यासारखं. गंज असेल, असं म्हणून तिने तो पुसून ठेवला.

इंजिनं सांभाळणारा म्हातारा चीफ ओडेल आत आला आणि दारातच थिजला.

“बाई, मग धुतलेत तुम्ही?”

“आत डांबर साचलंय नुसतं! पोटं कशी बिघडत नाहीत तुमची?”

“नौदलात मग धुवत नाहीत हो. पोरं मला फाडून खातील...” बोलता बोलता त्याची नजर सातव्या खुंटीवर गेली. “हॅकेटचा पण?”

“का? काय झालं?”

“तो मेल्यापासून चार वर्षांत कुणी हात लावला नाही त्याच्या मगाला. आमच्याकडे कोरा मग फक्त नव्या माणसाचा असतो, बाई. आणि नवा माणूस म्होरक्याच्या उजव्या पंखाशी उडतो.”

टेबलावरचा रेडिओ खरखरला. कॅझचा आवाज आला.

“माझ्या उजवीकडे कोण आहे? लांब हो जरा...”

“उजवीकडे कुणी नाही, कॅझ,” दुसरा म्हणाला. “आम्ही तिघंही तुझ्या डावीकडे आहोत.”

“आहे... त्याला शेपूट नाही... तुटलेलं...”

पुढे नुसता कडकडाट. पोलादाने पोलाद चावल्यासारखा. काच फुटली. कॅझ किंचाळला. ती किंकाळी माणसाची वाटत नव्हती.

“पंख्याचं पातं आत येतंय! डेल, नको! ढगात मला दिसलं नव्हतं... माझ्याच पंख्याने कापलं तुझं शेपूट... तोफेचं खोटं मी सांगितलं... माझा हात... देवा, माझा हात...”

ओडेलच्या हातातून इरेनाने बोलायचा मायक्रोफोन हिसकावला. तिचा आवाज आजारी माणसाशी बोलावा तसा मऊ निघाला.

“डेल, मी इरेना. तुझं पान मीच टाईप केलंय. हे बघ, फाडलं. मी खरं लिहीन. तुझ्या आईपुढे बसून वाचून दाखवीन. माझ्या माणसाला सोड रे...”

रेडिओत कुणीतरी श्वास घेत होतं. ओला, घरघरता. हळूहळू तोही थांबला.

कॅझचं विमान पोटावर घसटत उतरलं. उजवा पंख अर्धा कुरतडलेला, वरची काच गायब. इरेना धावली. त्याच्या चेहऱ्यात काचा रुतल्या होत्या, आणि उजवा हात कोपराखाली कातडीच्या एका पट्ट्याने लोंबत होता. तिने ॲप्रन सोडून दंडाला आवळून बांधला, दातांनी गाठ मारली. रक्त थांबलं.

“माझ्याकडे बघ. जगणार आहेस तू, ऐकलंस? देव आहे.” ती त्याच्या कानाशी वाकली. “मी खरं लिहीन म्हटलं, ते ऐकलं ना त्याने? म्हणून सोडलं ना तुला?”

“त्याबद्दल... काही बोलला नाही तो.”

“काय म्हणाला?”

कॅझचे ओठ हलले.

“म्हणाला, ‘उद्या म्होरक्या कोण आहे?’”

इरेनाने मान वर केली. बाकीची तिन्ही विमानं उतरून रांगेत उभी होती. त्यांच्या उजवीकडची जागा रिकामी होती. तिथे काँक्रीटवर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून, वाफाळतं तेल थेंबथेंब ठिबकत होतं.