वीरेमूच्या सहीचं पत्र

सकाळचं दूध काढून अर्लीन घरी आली, फोनवरचा मेल उघडला आणि उंबऱ्यातच खाली बसली.

इमिग्रेशनचा मेल होता. तुमच्या जोडीदारानं व्हिसाच्या अर्जाला दिलेला पाठिंबा काढून घेतला आहे. चौदा दिवसांत म्हणणं मांडा. सोबत वीरेमूच्या सहीच्या, पोस्टानं आलेल्या टाईप केलेल्या पत्राची प्रत. आम्ही एकत्र राहत नाही, हे नातं खोटं आहे.

तिचा शेतावरच्या नोकरीचा व्हिसा तीन आठवड्यांत संपत होता. जोडीदार म्हणून मिळाला असता तर ती कुठेही काम करायला मोकळी झाली असती. चीजच्या कारखान्यात बोलणीही झाली होती.

वीरेमू दुधाचा टँकर लावून परतला, तेव्हा त्याचे कपडे, गिटार आणि बूट अंगणात जुलैतल्या हिवाळ्याच्या हिमात पडलेले होते.

"मी नाही लिहिलं हे!"

"सही तुझी आहे."

"माझ्यासारखी आहे. शपथ घेतो, अर्लीन!"

तिनं दार लावून घेतलं. त्यानं आत्याला फोन केला. हुईया आँटीनं गावच्या पोस्टात चाळीस वर्षं काढली होती. पुतण्याच्या बुटांना वळसा घालून ती थेट आत शिरली.

"रडणं नंतर. आधी पत्र दाखव. हा पासपोर्ट नंबर तुझाच का?"

अर्लीननं पासपोर्ट काढून ताडून पाहिला. "नाही. जुन्याचा असेल. तो गेल्या वर्षी जानेवारीत खिशातून शेणाच्या तळ्यात पडला. मार्चमध्ये नवा काढला."

"वीरेमू भेटला कधी?"

"मेमध्ये."

"त्याला जुना नंबर सांगितला होतास?"

"मलाच कुठे पाठ आहे?"

आँटीनं चष्मा पुसला. "पत्राचं आणखी कोणाला बोललीस?"

"नाही. आता मालकांना सांगावं लागेल."

"चल, मीही येते. पण तिथे कमी बोल."

तिच्या मालकानं, ऍलननं, दारातच आवाज चढवला. "पळाला ना तो? मी सांगत नव्हतो?"

"वीरेमूनं माघार घेतली म्हणतात," अर्लीन एवढंच म्हणाली.

ऍलनच्या बायकोनं, जॉयसनं, तिला जवळ घेतलं. "अगं बाई! बस, चहा घे. असं टाईप करून पोस्टानं पाठवायचं! तोंडावर बोलायची हिंमत नसते या पुरुषांना."

"तू राहा इथेच," ऍलन म्हणाला. "ऑगस्टमध्ये सहाशे गाई व्यायच्यात. व्हिसा वाढवून घेऊ तुझा."

"कामगारांची फाईल कोण ठेवतं, ऍलन?" आँटीनं विचारलं.

"जॉयस. मी तिला हातही लावत नाही."

"मग जॉयस, या पोरीच्या जुन्या पासपोर्टची झेरॉक्स काढ बघू."

जॉयस जागची हलली नाही.

"कशाला?" ऍलन गोंधळला.

"कारण पत्रात तोच नंबर आहे. वीरेमू भेटायच्या आधीच तो पासपोर्ट तळ्यात गेला होता. वीरेमूनं लिहिलं असतं तर नवा नंबर घातला असता. जुना फक्त तुमच्या फाईलीत. सही तुम्ही दोघांना दिलेल्या घराच्या भाडेकरारावरून गिरवली असणार. तोही तिथेच आहे. तरी मला वाटलं, तू असशील, ऍलन. आवाज तुझाच मोठा." आँटी जॉयसकडे वळली. "पण पत्र टाईप केलेलं होतं, पोस्टानं गेलं होतं, हे तुला कोणी सांगितलं गं? आम्ही तर नाही."

"जॉयस?" ऍलनचा आवाज बसला.

"सहाशे गाई, ऍलन!" जॉयस ओरडली. "व्हिसा मिळाला की ही कारखान्यात जाणार. गेल्या वर्षी जाहिरात देऊन एक माणूस मिळाला होता का आपल्याला?" मग ती अर्लीनकडे वळली. "आणि तक्रार करून तुला काय मिळणार? ही नोकरी गेली की घरही गेलं. मग राहशील कुठे?"

अर्लीन उठली. दोन वर्षं या स्वयंपाकघरात ती दाराजवळच्या खुर्चीवर बसत आली होती. आता ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"माझ्या माणसाचं सामान मी अंगणात फेकलं, तुमच्या पत्रावर विश्वास ठेवून. त्याची माफी मी मागेन. तुमची भीती मात्र बाळगणार नाही. आँटी, लिहा तक्रार. माझं नाव पूर्ण घाला."

त्या तक्रारीनंतर पत्र बाद झालं, मधल्या काळापुरता तात्पुरता व्हिसा मिळाला आणि पाचव्या आठवड्यात जोडीदाराचा व्हिसा आला. पण अर्लीन त्यासाठी थांबली नाही. पत्र उघडकीला आलं त्याच दुपारी, जॉयसच्या स्वयंपाकघरातच, आँटीनं लिहिलेल्या कागदावर तिनं सही केली, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते, दुपारच्या दुधाची वेळ.

"गाई खोळंबल्यात," ऍलन पुटपुटला.

अर्लीननं सकाळपासून कमरेला तसाच राहिलेला रबरी एप्रन सोडला आणि जॉयसच्या पुढ्यात ठेवला.

"गाई तुमच्या आहेत," ती म्हणाली. "काढा दूध."