बटण कुणी दाबायचं

माझी बायको मला पहिल्यांदा दिसली तेव्हा ती मोटारसायकल ढकलत होती. सकाळचे सव्वासात झाले होते. थंडी होती, तरी तिच्या कपाळावर घाम होता. अंगात दवाखान्याचा पांढरा कोट, पाठीला पिशवी. गॅरेजचं शटर मी नुकतंच अर्धं वर केलं होतं. तिने वाकून खालून विचारलं,

"मिस्त्री आहेत का?"

"मीच."

"मग शटर वर घ्या की. गाडीला वाकता येत नाही."

मी शटर वर घेतलं. गाडी जुनी होती, पण टाकी पुसून पुसून आरशासारखी झाली होती. अशी गाडी आली की मालक कोण असेल ते मला कळायचं. या वेळी कळलं नाही.

"बाबांची आहे," ती म्हणाली. "वीस मिनिटं किका मारतेय. रुसलीय."

"रुसते कधीकधी जुनी गाडी."

"रुसायला ती काय जावई आहे?"

मी प्लग काढला. पेट्रोलने चिंब भिजला होता. पुसला, वाळवला, बसवला. दुसऱ्या किकला गाडी चालू. तिने माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, आणि निघून गेली. आभार मानले नाहीत. कोपऱ्यावर जाऊन मात्र एकदा हॉर्न वाजवला.

चार दिवसांनी पुन्हा आली. मग दोन दिवसांनी. दर वेळी तेच, सकाळी गाडी चालू होत नाही आणि प्लग भिजलेला. ती दवाखान्यात रक्त तपासायला घ्यायची. पेशंट तिला 'सुईवाली' म्हणत, हे तिनेच सांगितलं, आणि वर म्हणाली, "तुमचा हात बघू. शीर चांगली आहे हो तुमची." माझा हात तेव्हा ग्रीसने काळा होता. तिला त्यातली शीर कशी दिसली कोण जाणे. मी हात मागे घेतला आणि पाना शोधू लागलो. पाना दुसऱ्या हातातच होता.

मी जे करायचं ते सगळं केलं. नवा प्लग टाकला. कार्बोरेटर उघडून धुतला. पॉइंट साफ केले, वायर बदलली. तिला सगळं विचारूनही घेतलं. अशा गाडीत थंडीत किक मारण्याआधी कार्बोरेटरवरचं एक बारीक बटण दाबावं लागतं. दाबलं की जादा पेट्रोल वर येतं. बोट ओलं झालं की सोडायचं. हे एकदाच करायचं. दोनदा केलं तर पेट्रोल जास्त होतं, प्लग भिजतो, आणि मग पाय मोडेपर्यंत किका मारल्या तरी उपयोग नाही.

"बटण किती वेळा दाबता?"

"एकदा. बोट ओलं होईपर्यंत. बाबांनी शिकवलंय."

"नक्की एकदाच?"

"मिस्त्री, मी दिवसाला साठ माणसांना सुई टोचते. एकदाच टोचायचं आणि दोनदा टोचायचं यातला फरक मला कळतो."

गॅरेजच्या मागेच आमचं घर. वहिनी कपडे वाळत घालता घालता सगळं ऐकायची. एकदा म्हणाली, "भावोजी, ही गाडी बरी होऊ नये अशी तुमची इच्छा दिसते."

"वहिनी, काहीतरीच काय."

"मग केस कशाला विंचरून बसता सकाळी सातला?"

पाचव्यांदा आली तेव्हा ती बाकावर बसली. नेहमी उभी असायची.

"दोनदा उशिराची नोंद झालीय माझी," ती म्हणाली. "तिसरी झाली की रात्रपाळीला टाकतील. बाबांचं उजवं अंग गेलंय. आम्ही दोघंच. रात्रीचं त्यांना एकटं ठेवता येत नाही." मग म्हणाली, "दवाखान्यातल्या एकाने गाडी मागितलीय. महिनाअखेरपर्यंत बघते. नाहीतर ही देऊन स्कूटर घेते."

"बाबांना विचारलं?"

"नाही."

"काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत. तेच तर वाईट आहे."

महिना संपायला आठ दिवस होते. मी म्हणालो, गाडी आज इथेच राहू दे. ती बसने गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंगात स्वेटर घालून, मी गार पडलेल्या गाडीचं बटण दाबलं आणि किक मारली. एका किकला चालू. बंद करून त्याच्या पुढच्या दिवशीही तेच केलं. एका किकला चालू.

"माझ्याकडे तर चालू होते," मी तिला सांगितलं.

"म्हणजे खोट माझ्यात आहे?"

"तुमच्यात नाही. तुमच्या घरात असेल."

"हे कुणाच्या घराबद्दल बोलणं झालं का?"

"मी गाडीबद्दल बोलतोय."

"मीही," ती म्हणाली आणि हसली. "उद्या या मग घरी. साडेसहाला निघते मी. गाडी चालू झाली तर चहा मिळेल."

मी सव्वासहालाच पोचलो. वेळेआधी गेलो तो चहासाठी नाही, एवढं सांगतो. घर बैठं होतं, पुढे पडवी. पडवीत गाडी आणि गाडीला लागून खुर्ची. खुर्चीत तिचे वडील. मी फाटकाबाहेरच थांबलो, कारण ते कामात होते.

डाव्या हाताने ते टाकी पुसत होते. सावकाश, एका टोकापासून. मग दिवा पुसला. मग फडकं मांडीवर ठेवून ते खाली वाकले. वाकायला त्यांना बराच वेळ लागला. पेट्रोलचा कॉक उघडला, कार्बोरेटरवरचं बटण दाबलं, बोट ओलं झालं का ते अंगठ्याने चोळून बघितलं, आणि कॉक पुन्हा बंद केला. बोट फडक्याला पुसलं. मग लेकीची वाट बघत सरळ बसले.

पाच मिनिटांनी ती कोट घालत बाहेर आली. वाकून कॉक उघडला, बटण दाबलं, बोट बघितलं. किक मारली. पुन्हा मारली. वडील किकेबरोबर डावा पाय जमिनीवर दाबत होते.

मला फाटकापर्यंत पेट्रोलचा वास आला.

मी आत गेलो. प्लग काढून वाळवला, गाडी चालू करून दिली. ती म्हणाली, "काय सापडलं?"

"संध्याकाळी सांगतो."

"आत्ता सांगा."

"उशीर होईल. नोंद होईल तिसरी."

ती गेली. चहा राहिलाच. तिचे वडील माझ्याकडे बघत होते. बोलणं जड होतं त्यांचं, पण कळायचं.

"काय... निघालं?"

मी खुर्चीजवळ उकिडवा बसलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. हा माणूस दिवसभरात लेकीसाठी एकच काम करू शकत होता आणि तेच काम तिला नडत होतं.

"काका, गाडीत काही नाही. बटण दोनदा दाबलं जातंय."

त्यांनी वाकून बटणाकडे बघितलं. मग डाव्या हाताची दोन बोटं वर केली. एक स्वतःकडे वळवलं, एक फाटकाकडे.

"हो," मी म्हणालो.

"तिला... सांगू नको. मी... सोडतो."

"तुम्ही का सोडायचं? तुम्ही बरोबर करता. मी बघितलं ना. बोट चोळून बघता, ते तर मीही करत नाही. तिने सोडायचं. गाडी तुमची, बटण तुमचं."

त्यांनी फडकं उचललं आणि पुसलेलीच टाकी पुन्हा पुसायला घेतली. तोंड माझ्याकडे नव्हतं. पाठमोरेच म्हणाले, "चहा... घेऊन जा. ती... विसरली." आत ओट्यावर झाकून ठेवलेला चहा मी पिऊन निघालो.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी एवढंच म्हणालो, "उद्यापासून बटणाला हात लावायचा नाही. फक्त कॉक उघडायचा आणि किक मारायची."

"मग बटण कोण दाबणार?"

"दाबलेलं असतं."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती बाकावर बसली आणि हेल्मेट मांडीवर घेऊन त्याचा पट्टा उघडत-लावत राहिली.

"रोज?"

"रोज असावं."

"मी आत वेणी घालत असते तेव्हा..." ती हेल्मेट घेऊन उठली. जाताना म्हणाली, "त्या माणसाला सांगते, गाडी द्यायची नाही."

त्यानंतर गाडी रोज पहिल्या किकला चालू झाली. हे मला कसं कळलं, तर ती गॅरेजला यायची बंद झाली. मी नीट काम केलं होतं आणि त्याचा मला राग यायला लागला. वहिनी म्हणाली, "केस विंचरायचं सोडलंत वाटतं भावोजी." मी पाने पुसत बसलो. जाऊन विचारपूस करावी असं रोज वाटायचं, पण काय विचारायचं? गाडी चालू होते का? ती 'हो' म्हणाली असती की मी परत.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, ती गाडी ढकलत आली. मी हातातलं काम टाकून प्लग काढला. चिंब. नुसता चिंब नाही, थेंब गळत होते. खाली इंजिनवरही पेट्रोल सांडलेलं.

"काकांनी दोनदा दाबलं?"

"बाबांनी सकाळी एकदाच दाबलं. गाडी पहिल्या किकला चालू झाली. दवाखान्यातही नीट गेली."

"मग हे?"

"हे मी केलं. तुमच्या कोपऱ्यावर थांबून."

"किती वेळा दाबलं?"

"मोजलं नाही. पेट्रोल खाली सांडेपर्यंत."

मी प्लग हातात धरून उभा होतो. ती सुईवाली, साठ माणसांना न घाबरता टोचणारी, आणि तिचे कान लाल झाले होते.

"तुम्हाला सांगितलं होतं ना," मी म्हणालो, "बटणाला हात लावायचा नाही."

"मग दुसरं काय करायचं होतं, मिस्त्री? तुम्ही तर यायचं नाव घेत नाही. बाबा रोज विचारतात, तो चहा पिऊन गेलेला मुलगा कुठे आहे. आणि..." ती थांबली. "फक्त बाबाच विचारत नाहीत."

मागे वहिनीच्या हातातून कपड्यांची बादली खाली पडली, किंवा तिने मुद्दाम टाकली.

मी म्हणालो, "उद्या येतो. सव्वासहाला."

"सव्वासहाला का? साडेसहा म्हटलं होतं मी."

"आधी काकांना भेटतो. गाडी त्यांची आहे, विचारावं लागेल."

"गाडीबद्दल?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. ते ऐकून तिच्या वडिलांनी खाली वाकून बटण दाबलं, अंगठ्याने बोट चोळून बघितलं आणि मला मानेने खूण केली, मार किक. एका किकला चालू झाली. तोच होकार.

लग्नानंतर मी त्यांच्या घरी राहायला गेलो. ते होते तोवर बटण त्यांचंच होतं. ते गेल्यावर तिने घेतलं. गॅरेजला जायला गाडी मीच न्यायचो, पण बटण तिने दाबायचं आणि किक मी मारायची, असं ठरून गेलं. भांडण झालं असलं तरी ती बाहेर येऊन, माझ्याकडे न बघता, बटण दाबून आत जायची. एकतीस वर्षं. मला ती शेवटपर्यंत 'मिस्त्री'च म्हणाली.

ती गेली त्याला या महिन्यात वर्ष झालं. आजाराचं लिहीत नाही. वर्षभर मी गाडी काढली नव्हती, वहिनीच्या मुलाच्या स्कूटरवरून जात होतो. गेल्या सोमवारी काढली. टाकी पुसली, नवं पेट्रोल भरलं, कॉक उघडला, किक मारली. नाही झाली. दहा-बारा किका मारल्या. प्लग काढून बघितला, कोरडा होता. ठिणगी चांगली होती. वायर बघितली, पॉइंट बघितले. इतकी वर्षं हेच काम करतो आणि मला दोष सापडेना. मग पडवीच्या पायरीवर बसलो, तेव्हा लक्षात आलं.

मी किक मारण्याआधी दाराकडे बघून थांबलो होतो. थांबून झालं की बटण दाबलेलं असतं, अशी सवय पायाला होती. बटण कुणी दाबलंच नव्हतं.

मी उठलो, वाकलो आणि दाबलं. बोट ओलं झालं. अंगठ्याने चोळून बघितलं.

एका किकला चालू झाली.